वाहाका : घेतलेले परत करणारी भूमी

वाचकहो, आपण मक्याचे कणीस भाजून मोठ्या आवडीने खातो. परंतु त्याचे मूळ गाव कोणते, याचा विचार क्वचितच करतो. दक्षिण मेक्सिकोतील वाहाका या डोंगराळ राज्यात मित्ला गावाजवळ एक गुहा आहे. तेथे सुमारे सव्वासहा हजार वर्षांपूर्वीची मक्याची इवलीशी कणसे सापडली. रानटी गवतापासून मका घडविणाऱ्या ज्या प्राचीन शेतकऱ्यांचे ऋण साऱ्या जगावर आहे, त्यांच्या भूमीत आज आपण फेरफटका मारू.

राजधानीचे नावही वाहाकाच. शहरालगतच्या डोंगरावर मॉन्ते आल्बान ही प्राचीन नगरी आहे. इसवी सनापूर्वी ५००च्या सुमारास सापोतेक लोकांनी हा डोंगरमाथा सपाट करून त्यावर विस्तीर्ण चौक, देवळे व समाधिस्थाने उभारली. येथील शिळांवरील वाकड्यातिकड्या आकृतींना पूर्वी नर्तक समजत असत. त्या युद्धात मारलेल्या बंदिवानांच्या असाव्यात, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे हे नगर ओस पडले. १९३२ साली आल्फोन्सो कासो यांना येथील सातव्या क्रमांकाच्या थडग्यात सोन्याचे दागिने आढळले. थडगे सापोतेकांचे, पण दागिने मागाहून आलेल्या मिश्तेकांचे! ते आज शहरातील सान्तो दोमिंगोच्या जुन्या मठातील संग्रहालयात पाहावयास मिळतात. मित्लाच्या भिंतींवर दगडाचे लहान लहान तुकडे चुन्यावाचून जोडून केलेली नक्षी आहे. तीही चुकवू नये.

मात्र, वाहाका म्हणजे केवळ भग्नावशेष नव्हेत. ज्यांनी ही नगरे बांधली, त्यांचे वंशज आजही येथेच नांदतात. तेओतित्लान देल वाये या गावात घरोघरी हातमागावर लोकरीची जाजमे विणली जातात. त्यांतील गडद लाल रंग निवडुंगावर पोसलेल्या कोचिनील नावाच्या किड्यांपासून निघतो. स्पॅनिश अमलात या रंगाला युरोपात एवढी मागणी होती की, मेक्सिकोच्या निर्यातीत चांदीखालोखाल त्याचेच स्थान असे. एकोणिसाव्या शतकात कृत्रिम रंग निघाले आणि तो व्यापार बसला. विणकरांनी मात्र ही विद्या टाकली नाही.

या लोकांच्या जीवनाचे मर्म एका शब्दात सांगावयाचे तर तो शब्द ‘ग्वेलागेत्सा’ होय. कोणाच्या घरी लग्नकार्य निघाले की, आप्त व शेजारी मका, कोको, टर्की कोंबडे घेऊन येतात. कोणी काय व किती दिले, हे वहीत टिपून ठेवतात आणि देणाऱ्याच्या घरी कार्य निघाले की, तेवढेच परत करतात. आपल्याकडील आहेराच्या वहीची आठवण कोणास होणार नाही? याच नावाचा नृत्योत्सव दर जुलै महिन्यात शहरातील टेकडीवर भरतो. निरनिराळ्या भागांतील नर्तक नृत्य संपताच आपापल्या गावचे फळफळावळ प्रेक्षकांकडे उधळतात. या उत्सवाचे आजचे रूप १९३२ सालच्या, शहराच्या चारशेव्या वर्षाच्या सोहळ्यातून आले.

याच डोंगरांत, ग्वेलाताओ गावी, १८०६ साली बेनितो हुआरेस यांचा जन्म झाला. हे पोरके सापोतेक मूल बाराव्या वर्षी पायी शहरात आले, तेव्हा त्याला स्पॅनिश जवळजवळ येतच नव्हती. पुढे ते मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या मातृभाषेचे दैव मात्र तितके बलवत्तर ठरले नाही. राज्यात आजही सुमारे बारा लाख लोक स्थानिक भाषा बोलतात. परंतु शाळा आणि बाजार स्पॅनिशचे असल्याने अनेक गावांत मुलांच्या तोंडी आजीची भाषा उरलेली नाही. पोटासाठी कित्येक तरुण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जातात. तेथून ते गावच्या कार्यासाठी पैसे धाडतात, कारण वहीतील नोंद अंतर जाणत नाही. आजीची भाषा मात्र टपालाने धाडता येत नाही; ती घरातच बोलावी लागते.

म्हणून, वाचकहो, वाहाकास जाण्याचा योग आलाच, तर अवशेष जरूर पाहा. पण एखाद्या विणकराच्या अंगणातही घटकाभर बसा. मक्याची गरम भाकरी पुढे येईल. ती खाताना एवढे स्मरावे की, या ऋणाची नोंद आपल्याही नावावर आहे.