दाजींची स्कूटर आणि पाणचक्कीचे पाणी

वेरूळ-अजिंठ्याला निघालेल्या प्रवाशाला छत्रपती संभाजीनगर हे शहर बहुधा मुक्कामापुरतेच ठाऊक असते. रात्री उतरायचे, सकाळी बिबीका मकबरा बघायचा, एखादी हिमरू शाल घ्यायची आणि लेण्यांची वाट धरायची. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी म्हणून वसवलेले, पुढे औरंगाबाद झालेले आणि २०२३ पासून आजचे नाव मिळालेले हे शहर खरोखरच ओळखून घ्यायचे असेल, तर वाचकहो, तिथल्या एखाद्या घराच्या अंगणात पाच दिवस बसा. आणि जमल्यास त्या अंगणात एक जाम झालेली स्कूटर असू द्या!

मला हा योग आला तो थोरल्या बहिणीमुळे. अक्काचे घर जुन्या शहरात, भडकल दरवाजापासून चालत जाण्यासारखे. ते पाडून तिथे इमारत उठायची होती. सोमवारी घर रिकामे करायचे, म्हणून बांधाबांधीला मी बुधवारीच पोहोचलो. भांडी पोत्यांत गेली, गाद्या गुंडाळल्या गेल्या. राहिली ती जिन्याखालची चेतक. दाजींच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून चार पावसाळे ती तिथेच उभी होती. भाच्याने पुण्याहून फोनवर निकाल दिला होता, ‘‘बाबा, भंगारवाल्याला देऊन टाका.’’ भंगारवालाही सोमवारीच यायचा होता.

दाजी काही बोलले नाहीत. पण चेतकसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसण्याच्या काळात त्यांनी ती मिळवली होती. दोन्ही मुले दवाखान्यातून तिच्यावरच घरी आली होती. शिवाय दाजींची उभी हयात वाळूजला एका लहानशा कारखान्यात लेथवर गेलेली. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा स्कूटरचा कारखाना आला आणि त्याच्या अवतीभवती सुटे भाग करणारे कितीतरी लहान कारखाने उभे राहिले. खेड्यांतली पोरे कानस आणि मायक्रोमीटर धरायला शिकली. आजही इथल्या गल्लीत एकाला हाक मारावी, तर दोन फिटर बाहेर येतात!

आमच्या अंगणात चार आले. किक पाय ठेवल्या ठिकाणाहून हलेना, तेव्हा एकाने हातोडा सुचवला, दुसऱ्याने गाडी उतारावरून ढकलून गिअर टाकायला सांगितले. दाजी कडाडले, ‘‘किकवर उभे राहाल तर आतले दात तुटतील. उस्तादांना बोलवा.’’

उस्ताद म्हणजे पलीकडच्या गल्लीतले वृद्ध मेकॅनिक. त्यांनी बाजूचा डबा काढला, इंजिनावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, ‘‘साहेब, जाम झालेल्या इंजिनाशी भांडायचं नाही. तेच जिंकतं.’’

दुखणे त्यांनी मला समजावून दिले ते असे. चेतकचा सिलिंडर बिडाचा. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की दमट हवा आत शिरते, सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा त्या गंजात चिकटून बसतात. वरून घाव घातला, तर पिस्टन फुटेल. रिंगा सुटतीलच असे नाही. आधी तेल आत गेले पाहिजे आणि त्यासाठी प्लग निघाला पाहिजे. पण प्लगही हटून बसलेला!

उस्तादांनी अक्काकडे उकळते पाणी मागितले. चहाचीच वेळ होती, त्यामुळे थोडा गैरसमज झाला. पण ते पाणी गेले इंजिनाच्या हेडवर. हेड ॲल्युमिनियमचे, प्लगचे अंग पोलादाचे. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, म्हणजे प्लगभोवतीचे भोक किंचित मोठे होते. मग पान्याने त्यांनी प्लग सैल करण्याऐवजी आधी केसभर घट्ट केला! ‘कर्र’ असा आवाज झाला. गंजाची पकड मोडली होती. मग केसभर सैल, पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. पाऊण तासाने प्लग हातात आला.

त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मेनिम्मे ओतले. तेल पिस्टनवर साचून राहावे म्हणून स्कूटर भिंतीला तिरकी रेलून ठेवली. ‘‘आता काय करायचं?’’ मी विचारले. ‘‘आता तुम्ही शहर बघा,’’ उस्ताद म्हणाले.

म्हणून मी पाणचक्कीवर गेलो. लांबच्या डोंगरातले पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून इथे आणलेले आहे. वाटेत ते कुठे दिसत नाही, त्याचा आवाज नाही, घाई नाही. इथे मात्र ते उंच भिंतीवरून हौदात कोसळते, आणि त्याच जोरावर इथले जाते फिरवून बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. पाणी बघत मी तिथे तासभर बसलो. घरी गंजाच्या कणाकणातून उतरणारे तेल याच जातीचे काम करीत होते.

रोज संध्याकाळी उस्ताद येत, नवे तेल घालीत, चौथा गिअर टाकीत आणि मागचे चाक बोटभर पुढे, बोटभर मागे रेटून पाहत. गुरुवारी काही नाही. शुक्रवारी नाही. शनिवारी भाच्याचा पुन्हा फोन आला. दाजींनी तो अक्काच्या हाती दिला.

रविवारी दिवेलागणीला चाक चार बोटे सरकले. उस्तादांनी ते लगेच मागे घेतले, पुन्हा पुढे नेले आणि बाजूला होऊन दाजींना म्हणाले, ‘‘आता तुम्ही.’’ दाजी दुखऱ्या गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी चाक फिरवले. आत पिस्टन वर गेला, खाली आला. प्लगच्या भोकातून लालसर तेलाची पिचकारी थेट माझ्या सदऱ्यावर!

गाडी त्या दिवशी सुरू झाली नाही. ब्लॉक बोअर करावा लागणार, नवा पिस्टन आणि नव्या रिंगा घालाव्या लागणार, असा उस्तादांनी खर्चाचा हिशेब सांगितला. दाजींनी तो मुकाट्याने खिशात ठेवला.

सोमवारी भंगारवाला आला, तो एक गंजलेली खाट आणि दोन बादल्या घेऊन गेला. टेम्पोत सर्वांत आधी स्कूटर चढली. ‘‘अहो, देव्हाऱ्याच्या आधी?’’ अक्का म्हणाली.

‘‘देवांना ठाऊक आहे,’’ दाजी म्हणाले, ‘‘ते हिच्यावरूनच आणले होते.’’