‘फोटो कशाला काढताय?’

कर्जतला पुण्याकडची गाडी थांबली की मागून बँकर येतात. घाटाचा चढ 37 ला 1. पुढच्या एकट्या इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून मागून रेटायला ही इंजिनं. पावलापावलाने सरकत ती शेवटच्या डब्याला टेकतात, बारीकसा धक्का बसतो, आणि वडापाव घ्यायला उतरलेले घाईघाईने डब्यात चढतात.

हे टिपावंसं वाटणारे माझ्यासारखे बरेच. पण कुठल्याही फलाटावर मोठी लेन्स काढली की प्रश्न ठरलेला: ‘फोटो कशाला काढताय? परमिशन आहे का?’ शेजारी पोरं मोबाइलवर रील करत असतात, त्यांना कोणी हटकत नाही. म्हणजे संशय फोटोचा नाही, लेन्सच्या लांबीचा.

रेल्वे कायद्याचं 147वं कलम रेल्वेच्या हद्दीत घुसणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड सांगतं. त्याबद्दल तक्रार नाही. सेल्फीपायी रुळांवर उभं राहणाऱ्याला हुसकलंच पाहिजे. फलाट रेल्वेचा, तिथे तिच्या अटी चालणार, हेही कबूल. मग त्या तिकीटखिडकीशेजारी ठळक लावा ना! न्यूयॉर्कच्या सबवेत 2004 मध्ये फोटोबंदीचा प्रस्ताव आला, लोकांनी विरोध केला, 2005 मध्ये तो गुंडाळला गेला. तिथला नियम लेखी आहे: फोटो काढा, दिवे आणि ट्रायपॉड नकोत. आपल्याकडे रस्त्याच्या पुलावरून खालची गाडी टिपली तरी हाक येते, ‘ओ, डिलीट करा ते!’ कुठल्या कलमाखाली, असं विचारावं तर ‘चला चौकीत’.

घाटात एके काळी डीसीवर चालणारी डब्ल्यूसीजी-2 इंजिनं बँकर म्हणून राबायची. तारेतली वीज 25 हजार व्होल्टच्या एसीवर गेली आणि त्यांचं काम संपलं. चढावर घुमणाऱ्या त्या इंजिनांचे जे फोटो मी पाहिलेत, ते हौशी लोकांनीच काढलेले. वंदे भारतला तर बँकर लागतच नाही. सगळ्याच गाड्या तशा झाल्या की कर्जतचा तो धक्काही गेला.

मागे एका हवालदाराने कॅमेरा हातात घेऊन एकेक फोटो निरखला. एका फोटोवर थांबला, मोठा करून पाहिला आणि म्हणाला, ‘भारी आलाय. व्हॉट्सअ‍ॅप करा की मला.’ मी केला. परवानगीचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. पुढच्या खेपेला ड्युटीवर दुसरा कोणी असेल.