बुलेटची प्रायमरी चेन आणि तिची पाव इंच ढील

मोटारसायकलच्या इंजिनात निर्माण झालेली शक्ती मागच्या चाकापर्यंत दोन टप्प्यांत पोचते. पहिल्या टप्प्यात ती क्रँकशाफ्टवरून क्लचकडे येते आणि दुसऱ्या टप्प्यात गिअरबॉक्समधून चाकाकडे जाते. दुसऱ्या टप्प्याची चेन रस्त्यावरच्या कोणालाही दिसते, परंतु पहिल्या टप्प्याची, म्हणजेच प्रायमरी चेन, डाव्या बाजूच्या बंद आवरणात तेलात फिरत असल्याने अनेक मालकांना ती आहे हेही ठाऊक नसते. ज्या यंत्रभागाचे सारे आयुष्य पाव इंचावर अवलंबून आहे त्याच्याबद्दल तपशील टाळून लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे होय.

रॉयल एनफील्डची बुलेट 1955 पासून मद्रासमध्ये जोडली जाऊ लागली आणि पुढे तिचे सर्व भाग भारतातच बनू लागले. या जुन्या, ओतीव लोखंडी सिलिंडरच्या इंजिनात गिअरबॉक्स वेगळा असला, तरी तो क्रँककेसच्या पाठीला बोल्टने पक्का बसवलेला असतो. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत गिअरबॉक्सच मागे सरकवून प्रायमरी चेन ताणली जाई आणि त्यानंतर मागची चेनही पुन्हा जुळवावी लागे. बुलेटमध्ये दोन्ही दातेरी चाकांमधले अंतर कायमचे ठरलेले असल्याने चेनच्या खालच्या पदराखाली एक वक्र पॅड बसवला आहे. लॉकनट सैल करून ॲडजस्टरचा स्क्रू फिरवला की हा पॅड वर-खाली होतो आणि चेनची ढील कमी-जास्त होते. म्हैसूरमध्ये बनणाऱ्या जावा-येझ्दीत अशी सोय नव्हती. तेथे चेन झिजली की ती बदलणे एवढाच मार्ग होता.

पॅड खालच्याच पदराला का, हे समजून घेतले तर पुढचे सारे उलगडते. इंजिन ओढत असताना वरचा पदर ताणलेला आणि खालचा सैल असतो, म्हणून सैल पदराला आधार देणे योग्य ठरते. रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावरचा आंबा घाट उतरताना मात्र चालक थ्रॉटल सोडतो, चाक इंजिनाला फिरवू लागते आणि ताण वरच्या पदरावरून खालच्यावर येतो. तो ताणलेला पदर सरळ होऊ पाहतो आणि पॅडला जोराने खाली दाबतो. किक मारतानाही क्लच खालच्याच पदराने इंजिनाला ओढतो. सपाट प्रदेशात चालणाऱ्या गाडीपेक्षा या रस्त्यावर सतत ये-जा करणाऱ्या गाडीचा पॅड लवकर झिजावा यात नवल नाही, आणि तरीही गाडी कोठे चालते हा प्रश्न तपासणीच्या वेळी क्वचितच विचारला जातो.

आता मुख्य वादाकडे वळता येईल. चेनचा आवाज येतो, तेव्हा ती घट्ट करावी, असा समज मालकांमध्ये इतका रुजला आहे की खडखड पूर्ण थांबल्याशिवाय काम झाले असे त्यांना वाटतच नाही. वस्तुतः वरच्या पदराच्या मध्यावर सुमारे 6 मिलिमीटर, म्हणजे पाव इंच, वर-खाली हालचाल राहिलीच पाहिजे. कपडे वाळत घालण्याची दोरी खुंट्यांमधल्या अंतरापेक्षा किंचितच लांब असली तरी मध्यभागी बरीच झोळते. चेनचेही तसेच आहे. दोन चाकांमधला सरळ पदर 20 सेंटिमीटर धरला, तर केवळ एक दशांश मिलिमीटर जादा लांबीमुळे मध्यावर वर 3 आणि खाली 3 मिलिमीटर एवढी हालचाल मिळते. याचाच अर्थ असा की दिसायला भरपूर वाटणारी ढील प्रत्यक्षात केसाएवढ्या लांबीची असते आणि ती संपायला फारसे काही लागत नाही. त्यात क्रँककेस ॲल्युमिनियमची असते आणि तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुपटीने प्रसरण पावते, त्यामुळे थंड इंजिनावर दिलेली ढील गरम इंजिनात आणखी घटते. थंड असतानाच चेन ताठ केली, तर तापल्यावर ती क्रँकशाफ्टच्या आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगांना एकमेकांकडे खेचत राहते. हे नुकसान त्या दिवशी ऐकू येत नाही; काही महिन्यांनी बेअरिंग गेल्यावर दोष तेलाला किंवा सुट्या भागांना दिला जातो, याचा खेद वाटल्यावाचून राहत नाही.

चेन ‘ताणली जाते’ हेही पूर्ण खरे नाही. तिच्या पट्ट्या लांबत नाहीत. पिना आणि बुश झिजतात आणि प्रत्येक सांध्यातली ती सूक्ष्म पोकळी मिळून लांबी वाढते. ही झीज सर्वत्र सारखी नसल्याने इंजिन हळूहळू फिरवून ढील अनेक ठिकाणी मोजावी आणि चेन जेथे सर्वांत घट्ट असेल तेथे 6 मिलिमीटर ठेवावी. एकाच जागी बोट लावून केलेल्या मोजणीला काही अर्थ उरत नाही.

आवरण उघडणे सोपे आहे, कारण ते मधल्या एकाच नटवर बसते. परंतु तेल गळते म्हणून तोच नट शक्तीने आवळला की आवरण वाकते आणि गळती वाढते. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे रबरी सील ताजे ठेवणे आणि पावसाळ्यानंतर तेल दुधाळ झाले आहे का हे पाहणे येथे विशेष आवश्यक ठरते.

सुधारणा म्हणून स्प्रिंगचा स्वयंचलित टेन्शनर किंवा पट्ट्याची ड्राइव्ह बसवण्याची इच्छा आता अनेकांना होते. पट्टा कोरडा चालतो, म्हणून क्लचही कोरड्या कामाला योग्य असावा लागतो आणि कोकणच्या दमट हवेत आवरणातली आर्द्रता हा वेगळाच प्रश्न होतो. स्प्रिंगच्या टेन्शनरला मागे सरकण्यापासून रोखणारा अटकाव नसेल, तर उतारावर खालचा पदर ताणताच तो दबतो आणि चेन हेलकावे खाते. प्रस्तुत लेखकाच्या मते जुन्या बुलेटसाठी चांगल्या प्रतीची दुहेरी चेन, नवा पॅड आणि दोन्ही दातेरी चाके एका पातळीत आणणे हीच खरी सुधारणा होय. 2020 च्या मिटिऑर 350 मध्ये कंपनीने प्रायमरी चेनऐवजी गिअर आणले, तेव्हा तेथे हा प्रश्नच उरला नाही. जुन्या गाड्यांत मात्र तो आहे तसाच आहे. पॅड शेवटपर्यंत वर चढवूनही ढील कमी होत नसेल, किंवा काढलेली चेन फुटाला पाव इंच वाढलेली आढळली, तर ॲडजस्टरचे काम संपले असे समजून चेन बदलावी आणि दातेरी चाकांचे दात आकड्यासारखे वाकले असल्यास तीही तिच्याबरोबरच बदलावीत, कारण झिजलेल्या दातांवर चढवलेली नवी चेन लवकरच जुन्या चेनच्या वळणावर जाते.