पिन अडकली

आमच्या घरात ग्रामोफोन कधीच नव्हता. मलकापुरात आमच्या गल्लीत तो कोणाकडे असल्याचंही मी ऐकलेलं नाही. माझ्या लहानपणी कॅसेट शेवटच्या घटका मोजत होती, मग सीडी आली, मग मोबाइल. तरी ‘त्याची पिन अडकली’ हे आम्ही सर्रास बोलतो. माझ्या धाकट्या चुलतभावाला ती चार्जरची पिन वाटते. वाटणारच. ज्या यंत्रातून हा शब्द आला ते यंत्र गेलं, बिघाड तेवढा भाषेत राहिला.

एमिल बर्लिनरने ग्रामोफोनचं पेटंट घेतलं १८८७ साली. तबकडीवर गोल गोल रेघा दिसतात, पण खरं तर खाच एकच. बाहेरून आत वळत गेलेली. पिन तिच्यातून चालते. मध्ये आडवा ओरखडा असला की ती उडते आणि मागच्याच वळणात पडते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एक फेरी साधारण पाऊण सेकंदाची. म्हणजे पाऊण सेकंदाचा तोच तुकडा, कोणी उठून हात लावेपर्यंत.

कॅसेट अशी अडकत नाही, तिची रीळ गुंतते. सीडी अडकते, पण इतकी तुटक की शब्दच कळत नाही. आणि मोबाइलवर तर रिपीट ही सोय आहे, बटण दाबून मागून घ्यायची.

आमच्या धंद्यात दोन बिघाड वेगळे मानतात. प्रोग्रॅम हँग झाला की काहीच हलत नाही. लूपमध्ये सापडला की प्रोसेसर तापतो, पंखा घरघरतो, काम जोरात चालू असतं; फक्त पुढची ओळ येत नाही. पिन अडकणं हे दुसऱ्यातलं. ‘अडकली’ म्हणतो खरे, पण ती थांबलेली नसते. आणि दोष बहुतेक वेळा पिनेचा नसतोच. ओरखडा तबकडीवर असतो, नाव मात्र पिनेचं होतं.

हे सगळं मी शोधत बसलो ते आजीमुळे. संध्याकाळ झाली की ती आईला विचारते, “पॅशिंजर आली का वं?” आजोबा रेल्वेत होते, भुसावळला अपडाउन करायचे. त्यांना जाऊन सात वर्षं झाली. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. “आईची पिन अटकली पहा,” काका म्हणतात. त्यात कुचेष्टा नसते, त्यांना दुसरा शब्दच सुचत नाही. डॉक्टरांनी सांगितलेला शब्द घरात कोणी उच्चारत नाही.

सुरुवातीला काका तिला खरं सांगायचे. मोठ्याने, समोर बसून, एकेक शब्द तोडून. आजीला ते दर वेळी पहिल्यांदाच कळायचं. ती रडायची, आणि अर्ध्या तासाने पुन्हा पॅशिंजर. अडकणाऱ्या पिनेच्या डोक्यावर लोक नाणं ठेवत, असं मी वाचलंय. वजनाने पिन ओरखडा ओलांडते खरी, पण खाच झिजत जाते.

आईने एक दिवस कणीक मळता मळता नुसतं सांगितलं, “लेट हाये.”

“ते मेली लेटच रायते,” आजी म्हणाली आणि लसूण सोलायला घेतला. त्या संध्याकाळी तिने पुन्हा दोनदाच विचारलं. मी मोजलं होतं.

काकांना हे पटलेलं नाही. आईशी खोटं कसं बोलायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. ते तिचे लेक आहेत.

पुण्याहून मी फोन करतो तेव्हा ती मलाही विचारते. मी सांगतो, “बोदवड सोडलं आजी.” मग ती फोन बाजूला करून आईला ओरडून सांगते, “तवा ठेव वं.”