कोटा संपल्यावर

2020 च्या लॉकडाऊनमध्ये देवनार म्युनिसिपल कॉलनीतल्या आमच्या घरात एकाच वायफायवर मुलीची शाळा, ह्यांचं ऑफिस आणि माझ्या शिकवण्या चालायच्या. महिना सरत आला की पडद्यावर बाईंचा चेहरा थिजायचा, आवाज तुटायचा. प्लॅनमधला डेटाचा कोटा संपून स्पीड 512 केबीपीएसवर आलेला असायचा. म्हणजे सेकंदाला जेमतेम 64 किलोबाइट. एक जीबीचा व्हिडिओ उतरवायला साडेचार तास.

"काकू, व्हीपीएन टाका, कंपनीला काही कळत नाही," शेजारचा मुलगा म्हणाला. डीएनएस बदलून झालं होतं, राउटर रीसेट करून झाला होता. नवा महिना लागताच मी इंटरनेट कंपनीच्या ॲपमधला वापराचा आकडा वहीत टिपला, व्हीपीएन लावून एक व्हिडिओ उतरवला आणि पुन्हा आकडा पाहिला. तो व्हिडिओच्या साइजपेक्षा थोडा जास्तच वाढला होता.

व्हीपीएन आपण काय पाहतो ते झाकतं, किती पाहतो ते नाही. उलट त्याच्या स्वतःच्या वेष्टनाचा भार आपल्याच कोट्यावर पडतो. मोजणी होते कंपनीकडे, आपल्या लॉगिनच्या नावावर. घरातले दिवे बदलून विजेचा मीटर थांबत नाही, तसंच हे. कंपनी मुद्दाम फक्त व्हिडिओच हळू करत असेल, तर व्हीपीएनने फरक पडू शकतो; पण असा भेदभाव 2018 मध्ये सरकारने मान्य केलेल्या नेट न्यूट्रॅलिटीच्या तत्त्वांतच बसत नाही.

उपयोग झाला तो साध्या गोष्टींचा. यूट्यूब 480 वर ठेवलं, व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड बंद केलं, लॅपटॉपमध्ये कनेक्शन 'मीटर्ड' केलं म्हणजे विंडोजचे मोठे अपडेट परस्पर उतरेनात. कोटा महिनाअखेरीच्या जवळ पोचू लागला.

आणखी एक गोष्ट हाती लागली. दूरसंचार नियामक ट्रायने 2016 मध्येच कंपन्यांना बजावलं होतं: कोट्याचा 50, 90 आणि 100 टक्के वापर झाला की ग्राहकाला कळवा आणि कोटा संपल्यावरही घरच्या ब्रॉडबँडचा स्पीड 512 केबीपीएसच्या खाली आणू नका. आम्हाला असा एकही मेसेज येत नव्हता. त्या आदेशाचा दाखला देऊन लेखी तक्रार केली, तेव्हा मेसेज सुरू झाले.

कोटा चुकवायची पळवाट नाही. तेव्हा ॲपमधला वापराचा आकडा अधूनमधून बघा, प्लॅन घेताना कोटा किती आणि त्यानंतर स्पीड किती हे विचारून घ्या, आणि जे आपल्या हक्काचं आहे ते लेखी मागा.