ओला कचरा, सुका कचरा

रविवार. छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या आमच्या कॉलनीची बैठक झाली. विषय तोच, कचरा.

फेब्रुवारी २०१८ मध्ये शहराचा कचरा डेपो असलेल्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहरात जागोजागी ढीग साचले. वर्षानुवर्षं आपली घाण त्यांच्या दारात जात होती. त्यांचा राग रास्तच होता. तेव्हापासून आमच्या बागेच्या कोपऱ्यात खताचा खड्डा आहे. शेजारच्या काकू रोज सकाळी पालापाचोळा, भाजीची देठं काठीनं खालीवर करतात, आंबट ताक शिंपडतात. त्यांना कुणी सांगावं लागत नाही. माझ्या लेखी कॉलनीचं मंडळ म्हणजे अशी माणसं, अध्यक्ष-सचिव नंतर.

गणपतीची वर्गणी घरटी जमते, खड्ड्याची पाळी मात्र मोजकीच घरं घेतात. ज्यांच्या गच्चीवरच्या कुंड्यांना खत लागतं, त्यांनी तरी आठवड्यातून एक पाळी घ्यावी.