तुळशीबागेहून बोहरी आळीकडे

मैत्रिणींनो, पुण्याला आलेली कुठली बाई तुळशीबागेत गेल्याशिवाय परतते? पातेल्याचा बूड ठोकून बघायचा, झाकण बसतं का ते पाहायचं आणि मगच पर्स उघडायची, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आज मात्र तुम्हाला जरा पुढे नेते. लक्ष्मी रस्त्यानं सोन्या मारुती चौकाकडे चालू लागा. सराफांच्या दुकानांत फार रेंगाळू नका बरं का! रविवार पेठ लागली की तिथंच आहे बोहरी आळी.

खिळे, बिजागऱ्या, कड्याकोयंडे, रंगाचे डबे आणि सुतार-गवंड्यांची हत्यारं यांची ही आळी. हातगाड्या, स्कूटर आणि गिऱ्हाईक यांतून वाट काढावी लागते. बायका कमीच दिसतात. खरं तर घराचं काम काढलं की फळी किती उंचीवर हवी, हे स्वयंपाकघरात उभं राहणारीलाच कळतं. दोन भोकं पाडायला सुतार चार दिवस येत नाही, तेव्हा अडतं तेही आपलंच. मग यंत्राची निवड तेवढी आपण दुसऱ्यावर का सोडावी?

दुकानात शिरण्याआधी आपल्या घराची भिंत ओळखून जा. विटांच्या भिंतीत पडद्याची दांडी, मांडणी, आरसा लावायचा तर १३ मिलिमीटर चकचं, ५०० ते ६५० वॉटचं इम्पॅक्ट ड्रिल पुरे होतं. काँक्रीटच्या बीममध्ये किंवा खांबात मात्र ते नुसतं किंचाळतं, आत जात नाही. तिथं रोटरी हॅमर लागतो. तो जड आणि महाग, शिवाय वर्षातून एकदाच लागणार. अशी यंत्रं दिवसाच्या भाड्यानं मिळतात, तीच आणावीत. उलट, जुन्या वाड्यातली मातीची भिंत, नव्या इमारतींतले हलके ब्लॉक आणि गुळगुळीत टाइल यांच्यावर ड्रिलचा ठोका बंद ठेवून नुसतं फिरवायचं. नाहीतर माती ढासळते, टाइल तडकते.

बिटंही निरनिराळी. भिंतीचं वेगळं, लाकडाचं वेगळं, लोखंडाचं वेगळं. पोळपाटावर कुणी खोबरं खवत नाही, तसंच हे!

यंत्र हातात धरून बघा. मनगटाला जड वाटलं, तर कितीही चांगलं असलं तरी ते आपलं नव्हे. दुकानदाराला चालू करून दाखवायला सांगा. सुटे कार्बन ब्रश मिळतात का, दुरुस्ती कुठं होते, हेही विचारा. ब्रश झिजणारच, ते मिळाले नाहीत तर चांगलं यंत्र माळ्यावर जाऊन बसतं.

तिथून बुधवार पेठेतली तपकीर गल्ली लांब नाही. ती विजेच्या सामानाची. एक्स्टेन्शन बोर्ड तीन पिनांचा आणि जाड वायरचाच घ्या. घरातल्या ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर १,३०० वॉटच्या पुढचं यंत्र लावू नये. ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी घरात नसेल, तर काम सुरू होण्याआधी वायरमनकडून बसवून घ्या. विजेची गळती झाली तर ते क्षणात प्रवाह तोडतं. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि खाली भोक पाडू नका. बहुतेक वेळा वायर तिथूनच गेलेली असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पदर खोचा, वेणीचा अंबाडा घाला, लांब मंगळसूत्र आणि बांगड्या काढून ठेवा. फिरत्या बिटाजवळ हातमोजेही नकोत, तेसुद्धा गुंडाळले जातात. चष्मा मात्र हवाच. ग्राइंडर आणि मार्बल कटर ही यंत्रं शिकलेल्या हातांसाठी आहेत. कारागीर ग्राइंडरची लोखंडी ढाल काढून काम करू लागला, तर त्याला थांबवायला संकोचू नका. चकती तुटली तर ती ढालच वाचवते. लादी कोरडी कापली की पिठासारखी धूळ उडते. त्यातली सिलिका फुप्फुसात बसली की निघत नाही. कापताना पाणी सोडायला लावा, एन-९५ मास्क द्या, आणि मुलांना व सासूबाईंना त्या दिवशी दुसऱ्या खोलीत नव्हे, शेजारी पाठवा.

एवढं ध्यानात ठेवलंत की ड्रिल, चार बिटं, टेप, लेव्हलची पट्टी आणि चष्मा एका पिशवीत मावतात. बाकीचं भाड्यानं. आणि हो, बिल व गॅरंटी कार्ड आपल्याच नावानं करून घ्या. दुकानदार “साहेबांचं नाव?” असं विचारेल, हसून आपलं सांगा.